मदत हवी आहे: डाएट मोडली, आता पुन्हा पहिल्यापासून?

आमची शिह त्झू जातीची कुत्री, वय ४, वजन ६ किलो. तीन महिने पंजे चाटतेय. बोटांमधले पांढरे केस लाळेने पार तांबूस झालेत. पिसवा नाहीत, स्किन स्क्रेपिंगमध्येही (त्वचा खरवडून किडे शोधायची तपासणी) काही सापडलं नाही. क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक) शाम्पूने दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. डॉक्टरांनी ८ आठवडे एलिमिनेशन डाएट सांगितली (खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते बघायला नेहमीचं सगळं बंद, फक्त ठरवून दिलेलं खाणं). पाचव्या आठवड्यात खाज उतरत होती, तर परवा पाहुण्यांनी लाडाने चिकनचं बिस्कीट भरवलं! कालपासून कान खाजवतेय. स्टेरॉइड चालू नाही. डॉक्टर सोमवारपर्यंत भेटणार नाहीत.

ज्यांनी ही डाएट पूर्ण केलीय त्यांनी सांगा: आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? आणि गोचिडांची चघळायची गोळीही चवीची असते, मग तिच्याऐवजी मानेवर टाकायचं औषध घ्यावं का?