अनुभव धागा: मनाला येईल तसा टाका

भरतकामात छापील नमुना न गिरवता हाताला सुचेल ते भरणाऱ्या सगळ्यांनी इथे लिहावं. सुरुवात माझ्यापासून.

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्यातून दोनदा चार-चार तास बाहेर बाकावर बसावं लागे. फोन बघून डोकं भणभणायचं. मग पर्समध्ये छोटी रिंग, मांजरपाटाचा तुकडा आणि आईच्या डब्यातल्या उरलेल्या लड्या ठेवायला लागले. एक मांजर भरायला घेतलं. बाबांना वेळ लागत गेला तसे त्याला सहा पाय झाले, शेपटीच्या टोकाला लेझी डेझी टाक्याचं फूल आलं. शाळेत टाका वाकडा आला की उसवायला लावत. इथे काहीच उसवलं नाही.

मला सगळ्यात आवडतं ते दोऱ्याचे पदर सोडवणं. सहापदरी दोऱ्यातला एकच पदर धरून सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होतात आणि तो सुटला की आपोआप सरळ होतात. घाईत दोन एकदम ओढले की गुंता. त्या बाकावर माझा श्वास तेवढ्यापुरता खाली बसायचा.

*

सहा पायांचं मांजर फार आवडलं! माझं माहेर धारवाडचं. आजी चंद्रकळेवर कसुती, म्हणजे आमच्याकडचं पारंपरिक भरतकाम, करायची: गोपूर, हत्ती, तुळशीवृंदावन. कसुतीत कापडावर आखून घेत नाहीत, धागे मोजून टाका घालायचा, गाठ मारायची नाही. गवंती टाक्यात धावदोरा घालत जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी. मी त्याच गवंतीनं रिक्षा आणि शिट्टी देणारा कुकर भरलाय. मोजताना मनात दुसरं काही आलं तर एक धागा चुकतो आणि ते चार ओळी पुढे गेल्यावर कळतं. तेवढा वेळ ऑफिस आठवत नाही, हे मात्र खरं.

*

माझी पाच वर्षांची लेक कापडावर पेन्सिलनं काढते आणि मी, तिचा बाबा, भरतो. सध्या डायनासोर चालू आहे. त्याच्या पाठीवर गाठी टाके हवेत असा हुकूम आहे. सुईला दोरा दोनदा गुंडाळून, वर आलेल्या भोकाच्या अगदी शेजारी खाली जायचं. त्याच भोकात गेलं तर गाठ मागे निसटते. पहिल्या दिवशी माझ्या अशा सात निसटल्या. ती शेजारी बसून मोजत होती.

*

मला लगेच शांत वगैरे वाटलं नाही, हेही लिहिते. आधी मान धरली, डोळे दुखले. आता खिडकीपाशी बसते, दोरा हातभरच घेते आणि अर्ध्या तासानं उठते. जुन्या ओढणीवर पेरूचं झाड भरतेय. काल त्यावर निळा पेरू आला, कारण हिरवा दोरा संपला होता. नातू म्हणाला, आजी, हाच सगळ्यात गोड असणार.