अनुभव धागा: तिसरी-चौथीचं व्याकरण, माहितीचं वाचन आणि माहितीपर लेखन

मुलं परिच्छेद घडाघडा वाचतात, पण 'यात काय सांगितलंय?' विचारलं की पहिली ओळच पुन्हा वाचून दाखवतात. 'कोकमाविषयी लिहा' म्हटलं की 'मला कोकम आवडते' इथे लेखणी थांबते. कोकणातल्या वर्गांत यावर काय लागू पडतं ते लिहा. पायऱ्या, वेळ आणि कुठे फसतं, हे नक्की लिहा.

मालवण, तिसरी

विभक्तीचा तक्ता आधी काढूच नये. घरी मालवणी बोलणारं मूल 'झाडाक पाणी घाल', 'घराक कुलूप लाव' म्हणतं. म्हणजे सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप, जसं झाड-झाडा) त्याच्या तोंडात आधीपासून आहे. फळ्यावर तीन रकाने आखा: झाड, झाडाक, झाडाला. दहा शब्द मुलांकडूनच घ्या आणि दोन्ही रूपांत सारखा राहिलेला भाग त्यांना अधोरेखित करू द्या. 'झाडा' तोच, फक्त 'क'च्या जागी 'ला'. २० मिनिटं पुरतात. मासा-माशाला, आंबा-आंब्याला दुसऱ्या दिवशी घ्या. तिथे शब्दाचं शेवटचं अक्षरही बदलतं, म्हणून पहिल्याच तासाला गोंधळ होतो. आणि कृपा करून 'झाडाक'वर लाल फुली मारू नका. 'घरचं रूप' आणि 'पुस्तकातलं रूप' म्हणा. फुली बसली की मूल लिहायलाच कचरतं.

वेंगुर्ला, चौथी

मालवणच्या ताईंच्या रकान्यांतूनच ऱ्हस्व-दीर्घाकडे जाता येतं. विहीर-विहिरीत, फूल-फुलाला, वीट-विटेचा. शेवटचं अक्षर अकारान्त ('अ'ने संपणारं) असेल तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व. रोज पाचच शब्द. गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नियम पक्का होईपर्यंत बाजूला ठेवा.

गुहागर, चौथी

वाचनासाठी ओळखीचा विषय घ्यावा हे खरं, पण किनाऱ्यावर त्यात एक खोच आहे. समुद्रावरचा उतारा दिला की मुलं न वाचताच घरच्या माहितीवर उत्तरं देतात, आणि आपल्याला वाटतं की वाचन जमलं. म्हणून प्रत्येक उत्तराला 'कशावरून?' विचारा आणि त्या ओळीवर बोट ठेवायला सांगा.

उतारा आठ-दहा वाक्यांचा असावा. उदाहरणार्थ: 'दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते.' यावर तीन तऱ्हेचे प्रश्न काढा. ओळीत थेट सापडणारा: अंतर किती? जोडून काढायचा: आज सकाळी ८ ला भरती, तर उद्या सकाळी साधारण किती वाजता? (८.५०) तिसरा, उताऱ्यात उत्तर नसलेला: उद्या मासळी किती मिळेल? 'उताऱ्यात नाही' हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे, हे मुलांना आधीच सांगा. हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो; तो नसेल तर मुलं काहीतरी ठोकून देतात.

सावंतवाडी, चौथी-पाचवी

माहितीपर लेखनाची सुरुवात कृतीपासून करा, आमसुलं उत्तम. घरी विचारून आणलेली एकेक पायरी एकेका चिठ्ठीवर: रातांबे (कोकमाची फळं) धुणं, फोडणं, बिया-गर काढणं, मीठ घातलेल्या रसात सालं भिजवणं, उन्हात वाळवणं, पुन्हा भिजवणं. चिठ्ठ्या मिसळून शेजारच्या गटाला लावायला द्या. क्रम चुकला तर कुठली माहिती सुटली ते तिथेच कळतं.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, 'आजीने धुतले' असं सुरू होऊन गोष्ट होते. तेव्हा प्रत्येक वाक्याचं क्रियापद 'धुतात, फोडतात, वाळवतात' असं करून घ्या. काळ शिकवायला याहून चांगली जागा नाही. दोन, प्रत्येक वाक्य 'मग'ने सुरू होतं. 'मग' दोनदाच वापरायचा, बाकी ठिकाणी 'त्यानंतर', 'तोवर', 'म्हणून'. 'थोडं मीठ' आलं की विचारा, किती वाट्या? उत्तर नसेल तर घरी जाऊन पुन्हा विचारायचं.

अलिबाग, पाचवी

सावंतवाडीच्या सरांच्या पद्धतीत कारणांची भर घाला. 'यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते' एवढ्यावर न थांबता 'कारण' लावून पुढचं अर्धं वाक्य मुलांकडून घ्या: हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो. वही तपासताना एका वेळी एकच गोष्ट तपासा. आज फक्त क्रियापदं, उद्या फक्त वेलांट्या. आणि काय तपासणार ते लिहायच्या आधी फळ्यावर असू द्या.