भूतानले आईबाबाले न्यायचं हाये, जायचं कसं आन निघायचं कसं?

दारव्ह्याचा_भाऊ
जय भीम मंडळी. आईबाबा दरवर्षी दीक्षाभूमीले जातात, आता आईच्या मनात हाये का एकदा भूतान पाहाचं, तिथलं बुद्धविहार पाहाचं. कापूस विकला की डिसेंबरात निघू. मी, बायको, आईबाबा आन ८ वर्षांची पोरगी. नागपूरपर्यंत समजते पण पुढं कोनी नीट सांगत नाही, एक एजंट म्हणते आधारवर होते, दुसरा म्हणते विमानच करा, आन बाबाचे गुडघे दुखतात. गेलेलं कोनी हाये का?

पुलगावची_ताई
भाऊ, पहिले त आधारवाल्या एजंटले एक रुपया देऊ नका. आपल्याले व्हिसा लागत नाही पण परमिट लागते, आन त्याले पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्डच पाह्यजे. आमाले बी एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आधार चालते म्हणून सांगितलं होतं. भूतानच्या सीमेवरल्या फुंटशोलिंग गावात परमिटच्या खिडकीवरल्या पोरीनं सासऱ्याचं कार्ड दोन्ही बाजूनं पाहिलं आन काही न बोलता परत सरकवलं. ते आन माहे मिस्टर अलीकडं जयगावच्या लॉजवर राहिले, आमी बाकीचे वर गेलो. अजून जीवाले लागते ते, म्हणून एवढं लिहून राहिली. पोरीचा जन्मदाखला ओरिजिनल घेजा, इंग्रजीत नाव असलेला.

रस्ता सोपा हाये. नागपूरवरून गीतांजली नाहीतर आझाद हिंदनं हावडा, तिथून टॅक्सीनं सियालदह, मंग रात्रीची कांचनकन्या थेट हासीमाराले सोडते. हासीमारावरून जयगाव अर्धा-पाऊण तास. जयगाव म्हंजे आपलं, पलीकडं फुंटशोलिंग, मधात फक्त गेट. पायी माणसाचं टर्मिनल वेगळं, सामान स्कॅन होते. इकडं हॉर्न, हातगाड्या, धूळ, आन दहा पावलं गेलं की गाड्या माणूस रस्ता ओलांडेपर्यंत चुपचाप उभ्या. सासूबाई तिथंच थांबून पाहत राहिल्या. घड्याळ अर्धा तास पुढं करजा. आन बाबा खर्रा खात असतील त आधीच सांगून ठेवा, तंबाखूचे नियम तिकडं कडक हायेत.

गोंदियावाला
ताईंनी जायचं सांगितलं, मी निघायचं सांगतो. गुडघे दुखतात तर जाताना रेल्वे आणि येताना पारोवरून कोलकाता विमान करा, म्हणजे राजधानी थिंपूवरून खाली फुंटशोलिंगपर्यंतचे चार-पाच तास घाटाचे वाचतात. देशात रेल्वे नाहीच, आणि पारोला ड्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्स या दोनच कंपन्या बाहेरून विमानं आणतात. विमानतळ २,२०० मीटरच्या वर, अरुंद दरीत, पायलट डोंगर डोळ्यानं पाहून वळवतो म्हणून फक्त उजेडात उड्डाण. खिडकीतून उतारावरची घरं आपल्या बरोबरीला दिसतात, पोरीला खिडकी द्याच. पण ढग आले की विमान थांबतं, त्यामुळे त्याच दिवशीची हावड्याची गाडी अजिबात बुक करू नका, एक रात्र कोलकात्यात ठेवा. रेल्वेनंच यायचं असेल तरी तेच, उत्तर बंगालात डिसेंबरात धुक्यानं गाड्या तासन्‌तास लेट होतात.

दारव्ह्याचा_भाऊ
लय उपकार झाले. एजंटनं एसडीएफचे (भूतान सरकारचं रोजचं पर्यटक शुल्क) २७ हजार वेगळे लिहिले हायेत पाच रात्रीचे, ते खरे हायेत का? आन आपली बोलेरो नेली त?

गोंदियावाला
खरे आहेत. भारतीयाला माणशी रात्रीचे १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या लेकराला अर्धे. तुमचे चौघांचे ४,८०० आणि पोरीचे ६००, म्हणजे रात्रीचे ५,४००. हा सरकारचा पैसा, एजंटचा नाही, पावती मागा. बाकीच्या बहुतेक परदेशी लोकांना १०० डॉलर पडतात. बोलेरो जयगावलाच ठेवा, फुंटशोलिंगच्या पुढे आपली गाडी नेली की दिवसाला ४,५०० रुपये भरावे लागतात, तिथलीच टॅक्सी करा. थिंपू-पारोच्या पुढे जायचं तर गाईडही लागतो.

पुलगावची_ताई
आन पारोजवळच्या कड्यावरल्या तक्तसांग विहाराले जाताना बाबाले घोड्यावर बसवा. घोडा अर्ध्या वाटेवरल्या कॅफेटेरियापर्यंतच जाते, पुढं पायऱ्याच पायऱ्या. पण तिथून बी समोरच्या कड्यावर विहार पुरं दिसते. आमच्या सासूबाई तिथंच बाकावर बसून तासभर त्रिशरण म्हणत होत्या.

दारव्ह्याचा_भाऊ
ताई, हे आईले वाचून दाखवलं. मंग दोघांचे व्होटर कार्ड पेटीतून काढले, बाबाचं बरोबर हाये, आईच्यावर अजून माहेरचं आडनाव हाये. सोमवारी तहसीलात दुरुस्तीचा फॉर्म ८ भरतो, कार्ड हातात आल्यावरच तिकिटं काढतो.