बाबांचा उजवा हात चालत नाही, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर मराठी कसं आणायचं?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, आता डाव्या हातानं माउस तेवढा धरतात आणि तोपण थरथरतो. डोकं मात्र एकदम शाबूत आहे, शाळेच्या आठवणी लिहून काढायच्यात म्हणून रोज मागं लागतात. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबून स्क्रीनवर कीबोर्ड आणला पण त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि क्लिक करताना हात हलला की बाजूचंच अक्षर पडतं. बेळगावात एका दुकानात विचारलं तर त्यात मराठी येतच नाही म्हणाले. खरं काय ते सांगा की कुणीतरी.

निपाणीची ताई
येतं की मराठी, कोण म्हणालं येत नाही! सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथं ॲड अ लँग्वेज करून मराठी घ्या. मग खाली घड्याळाजवळ ईएनजी लिहिलंय तिथं क्लिक करून मराठी निवडा, स्क्रीनवरच्या पाटीवरची, म्हणजे त्या कीबोर्डवरची, अक्षरं आपोआप देवनागरी होतात. एक लक्षात ठेवा, भाषेत मराठी फोनेटिक म्हणून वेगळा कीबोर्ड पण मिळतो, तो इंग्रजीत टाइप करून मराठी काढायचा आहे, त्यात पाटीवर इंग्रजीच दिसणार. मास्तरांना साधा मराठी कीबोर्डच द्या, अक्षर बघायचं आणि दाबायचं. तो इन्स्क्रिप्ट आहे, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली अक्षरांची मांडणी, स्वर आणि मात्रा डावीकडं, व्यंजनं उजवीकडं. ळ, ण, श, ख ही शिफ्टवर आहेत पण घाबरायचं काम नाही, पाटीवरची शिफ्ट एकदा क्लिक केली की पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलीच राहते, दोन बोटं लागत नाहीत. जोडाक्षराला मध्ये हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, प्र साठी प, हलन्त, र.
आणि आपल्या भागातल्या लोकांसाठी मोठी सोय सांगते, कन्नडचा कीबोर्ड पण इन्स्क्रिप्टच आहे, क जिथं तिथंच कन्नडचा क. मी ऑफिसात कन्नड अर्ज टाइप करते, आधी मराठी शिकले होते म्हणून बोटांना फारसं वेगळं शिकावं लागलं नाही.

शहापूरचा बाळू
ताईंनी भाषेचं सांगितलं, मी हाताचं सांगतो, माझ्या मामांचं असंच होतं म्हणून कळतंय. पाटीवर खाली उजवीकडं ऑप्शन्स म्हणून बटण आहे ते उघडा. त्यात क्लिक ऑन कीज च्या जागी होव्हर ओव्हर कीज करा, म्हणजे क्लिक करायचंच नाही, अक्षरावर बाण नेऊन थांबायचं, ठरलेला वेळ झाला की अक्षर पडतं. तो वेळ सुरुवातीला जास्त ठेवा, हात थरथरतोय तर कमी वेळात वाटेतलीच अक्षरं पडत जातात आणि माणूस वैतागतो, आमचे मामा दोन दिवसांत सोडून देणार होते. पाटीचा कोपरा धरून ओढून ती मोठी करा, अक्षरं मोठी झाली की नेम चुकत नाही. माउसच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग कमी करा, आणि डाव्या हातात माउस आहे तर प्रायमरी बटण राइट करून ठेवा, तर्जनी तिथंच पडते.
शब्द सुचवायची सोय आहे पण ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश एवढ्यांनाच, मराठीत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. लांब मजकूर असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आहे, बाबांचं बोलणं स्पष्ट असेल तर बोलून घ्यायचं आणि चुका तेवढ्या पाटीवर दुरुस्त करायच्या.

खानापूरकर
बाळूदादा, ताई, काय सांगू, काल रात्री सगळं बसवलं. होव्हर लावून पाटी अर्ध्या स्क्रीनएवढी केली. बाबांनी पहिल्यांदा गावाचं नाव लिहिलं, त्यात पू चा उकार मी दाखवला तो ऱ्हस्व होता, तर मलाच रागावले, दीर्घ पाहिजे म्हणून. किती महिन्यांनी असं रागावले! बोलणं अजून अडखळतं म्हणून व्हॉइसचं नंतर बघू. आता एकच राहिलंय, लॅपटॉप सुरू केल्यावर पिन टाकायला मलाच जावं लागतं, मी कामावर असलो की ते थांबून राहतात.

निपाणीची ताई
पिनच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात माणसाचं छोटं चित्र असतं, ते ॲक्सेसिबिलिटीचं, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालू करा. आत गेल्यावर पाटी दर वेळी शोधायला नको तर कंट्रोल पॅनेलमध्ये ईज ऑफ ॲक्सेस सेंटर, त्यात माउस किंवा कीबोर्डशिवाय कॉम्प्युटर वापरायचा पर्याय, तिथं यूझ ऑन-स्क्रीन कीबोर्ड ला टिक करा, साइन इन झाल्यावर पाटी आपोआप समोर येईल. काही अडलं तर इथंच लिहा, मी रोज बघते.