अथणीच्या उन्हात स्लॅबखालच्या खोलीसाठी एसी : किती टनांचा घ्यावा आणि आधी काय करावे?

प्रश्न : मळेकरी, अथणी तालुका

आमचे घर अथणी तालुक्याच्या पूर्व भागात, गावाच्या अगदी टोकाला आहे. जुने माळवद गळू लागले म्हणून ते उतरवून आम्ही सिमेंटचा स्लॅब टाकला, आणि तेव्हापासून एप्रिल-मे हे दोन महिने कसे काढायचे हा प्रश्न दरवर्षी पडतो. माळवदाच्या दोन हात जाडीच्या मातीखाली भर दुपारीही पाठ टेकता येत असे. आता रात्री नऊ वाजता छताला हात लावला तर तवा तापल्यासारखे लागते, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलत राहतो.

माझी आई ७८ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तिला उन्हामुळे फार अशक्तपणा आला आणि सलाईन लावावे लागले. निदान दुपारी आणि रात्री झोपायची खोली थंड असली पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तिची खोली १२ फूट बाय १२ फूट आहे, पश्चिमेची भिंत पूर्ण उन्हात असते आणि वर थेट गच्ची आहे. दुकानदार दीड टनाचा एसी सांगतो, मेहुणे एक टन पुरे म्हणतात, आणि शेजारी म्हणतात की कूलरवर काम भागते.

अडचणी दोन आहेत. आम्हाला कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या 'गृहज्योती' योजनेचा लाभ मिळतो आणि महिन्याचा वापर सध्या १०० युनिटांच्या आसपास असतो, तेव्हा एसी घेतल्यावर त्याचे काय होईल हे कळत नाही. दुसरे म्हणजे घर लाईनच्या शेवटाला असल्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. आईचे म्हणणे असे की एसीने सांधे धरतात, म्हणून तो नकोच. पण त्याबाबतीत तिचे ऐकायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, टिळकवाडी, बेळगाव

आपण एसीविषयी विचारले आहे, परंतु आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गच्चीवर आहे. थोडा हिशेब मांडतो, म्हणजे टनाचा वादही मिटेल.

आपल्या खोलीवरील छत १४४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर आहे. पाच इंची उघड्या स्लॅबमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानात जितक्या अंशांचा फरक असेल त्या प्रत्येक अंशामागे, दर चौरस मीटरला साधारण ३.५ वॅट उष्णता आत उतरते. मे महिन्यात काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत सहज तापतो. खोली २६ अंशांवर ठेवायची म्हटली तर फरक ३४ अंशांचा झाला. गुणाकार केल्यास सुमारे १६०० वॅट येतात. एक टनाचा एसी ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, कारण मुळात टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणाऱ्या उष्णतेचा दर होय. याचा अर्थ असा की आपण विकत घेतलेल्या थंडाव्यातील जवळजवळ निम्मा भाग एकटे छतच खाऊन टाकणार. पश्चिमेची भिंत, दारे-खिडक्यांतून येणारी हवा आणि खोलीतील माणसे यांचा भार वेगळाच.

आता गच्ची पांढरी केली तर काय होते? पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवून लावतो आणि गच्ची ४५ अंशांच्या आगेमागे राहते. तोच गुणाकार पुन्हा केला की ९०० वॅटही होत नाहीत. उरलेले ७०० वॅट एसीला ओढावेच लागत नाहीत, आणि हा फायदा एसी बंद असतानाही, करंट गेला असतानाही मिळतो.

रात्री नऊ वाजता छत का तापलेले असते, याचेही कारण यातच आहे. दुपारी दोनच्या उन्हाची झळ काँक्रीटमधून खाली पोहोचायला चार-पाच तास लागतात आणि साठलेली उष्णता पुढे रात्रभर उतरत राहते. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी आत माणूस घामाघूम असतो.

उपाय खर्चिक नाहीत. कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून गच्ची स्वच्छ झाडल्यावर दोन ते तीन हात द्यावेत. एका पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो. टिकाऊ काम हवे असल्यास बाजारात उष्णतारोधक पांढरा रंग मिळतो, किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवता येते. याखेरीज खोलीपुरती हिरवी जाळी गच्चीपासून तीन फूट उंच बांधावी, म्हणजे मधून वारा खेळतो. ऊसपट्ट्यात काही लोक गच्चीवर पाचट पसरतात. थंडावा मिळतो हे खरे, पण एका ठिणगीने घर पेटेल, म्हणून ते करू नये.

एवढे केल्यास एक टन पुरेल असे माझे मत आहे. (बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि एके काळी त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. आमच्या लहानपणी घरात छताचा पंखासुद्धा नव्हता. आता समोरच्या इमारतीवर मी बसल्या जागेवरून अकरा एसी मोजले.)

उत्तर : एसी दुरुस्ती, निपाणी

साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण त्याला एक पुस्ती जोडतो. कंपनी जी क्षमता लिहिते ती बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे बाहेर ४२ असेल, आउटडोअर युनिट उन्हाने तापलेल्या भिंतीवर असेल, तर तीच मशीन पुष्कळ कमी गारवा देते आणि वीज मात्र जास्त खाते. त्यामुळे गच्चीचे काम करणार नसाल तर दीड टन घ्या. करणार असाल तर एक टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) पुरे.

आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर मुळीच लावू नका. उत्तरेची भिंत उत्तम. गच्चीत ठेवायचे झाल्यास स्टँडवर ठेवा आणि वर सावली करा, पण समोरून मोकळे सोडा. देखणे दिसावे म्हणून त्याभोवती जाळीची पेटी करणारे लोक मी पाहिले आहेत. मशीनने बाहेर टाकलेली गरम हवा पेटीत फिरून तिच्याकडेच परत येते आणि मग दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे साखर कारखान्यांची राख. हंगामभर ती उडत असते आणि आउटडोअरच्या पत्र्यांच्या फटींत धुळीबरोबर लिंपून बसते. म्हणून कारखाने बंद झाले की, उन्हाळा चढण्याआधी, हलक्या धारेच्या पाण्याने ते युनिट धुवावे. जोराची धार मारली तर पत्रे दुमडतात.

व्होल्टेज १८० वर उतरत असेल तर स्टॅबिलायझर बसवाच. बऱ्याच इन्व्हर्टर एसींवर 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' असे लिहिलेले असते आणि ठरावीक मर्यादेत ते चालतातही. पण करंट जाऊन परत येताना जो झटका बसतो, त्यात पहिल्यांदा आउटडोअरमधले इलेक्ट्रॉनिक सर्किटचे कार्ड जाते, आणि कार्डाची किंमत ऐकली की स्टॅबिलायझर स्वस्त वाटतो. मीटरच्या बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग, यांवर काटकसर करू नका. जुन्या प्लगवर एसी जोडून वायर वितळलेली घरे दर मे महिन्यात दोन-तीन तरी बघतो. हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीकडे मंजूर भार (जोडणीला मान्य असलेली विजेची मर्यादा) वाढवून घ्यावा लागेल, तोही अर्ज आधीच द्या.

बसवणाऱ्याकडून व्हॅक्यूम पंप लावून घ्या. नुसता गॅस सोडून पाईपमधली हवा उडवतात ते चुकीचे आहे, कारण आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसर खाते. आणि दरवर्षी कोणी 'गॅस कमी झाला आहे, भरावा लागेल' असे म्हणाला तर त्याला गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे.

उत्तर : शिक्षिका, रायबाग

कूलरविषयी अनुभव लिहिते, कारण आम्ही सासूबाईंसाठी आधी तोच घेतला होता.

मार्च आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी कूलर खरोखर चांगले काम करतो, आणि विजेचा खर्च पंख्यापेक्षा थोडाच अधिक येतो. मात्र त्याच्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. खरी पंचाईत वळीव पडल्यावर होते. एकदा हवेत ओलावा आला की पाण्याची वाफ फारशी होत नाही, आणि ज्या रात्री सर्वांत जास्त गरज असते त्या रात्री कूलर नुसता चिकचिकाट करतो. बोअरचे पाणी जड असल्याने जाळ्यांवर क्षार धरतात. शिवाय पाणी लागते पुष्कळ, आणि उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडून कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते, त्या दिवसांत टाकी पुन्हा पुन्हा भरणे जिवावर येते.

आपल्या आईंचे वय पाहता मी एसीच सुचवीन. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग गार करण्याऐवजी तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि म्हाताऱ्या माणसांना तहान लागल्याचे लवकर कळत नाही. सांधे धरण्याची तक्रार बव्हंशी १८-२० अंशांवर एसी लावल्याने आणि झोत थेट अंगावर घेतल्याने येते. आम्ही पलंग झोताच्या रेषेतून बाजूला घेतला, तापमान २६ किंवा २७ वर ठेवले आणि छताचा पंखा अगदी हळू लावला. सासूबाई पहिले चार दिवस कानाला रुमाल बांधून झोपल्या. पाचव्या दिवशी दुपारी रिमोट कुठे आहे ते त्यांनीच विचारले.

उत्तर : हिशेबनीस, गोकाक

गृहज्योतीचे स्पष्ट करतो. आपल्या २०२२-२३ मधील मासिक सरासरीवर १० टक्के वाढ धरून जेवढे युनिट होतात, तेवढे मोफत आहेत. त्यापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे द्यावे लागतात. मात्र २०० ओलांडले की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. बिल कन्नडमध्ये असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ही रेघ दिसतच नाही आणि मग ऑफिसात जाऊन वाद होतात.

आपला सध्याचा वापर १०० धरू. गच्ची तशीच ठेवून दीड टनाचा एसी नऊ तास चालवला आणि तासाला सरासरी ०.६ युनिट धरले, तर महिन्याला १६२ युनिट वाढतात, एकूण २६२ होतात आणि सवलत जाते. गच्ची पांढरी करून एक टनाचा एसी २६ अंशांवर सहा-सात तास चालवला आणि तासाला ०.४५ युनिट धरले, तर वाढ ८० ते ९५ युनिटांची होते. म्हणजे आपण २०० च्या काठावर, पण आत राहता.

एसीच्या लेबलवरील वीजबचतीच्या स्टारविषयीही हाच विचार करावा. लेबलवरील वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. आपण दोन महिन्यांत जेमतेम ५०० तास चालवणार, त्यामुळे तीन आणि पाच स्टारमधला लेबलवरील फरक आपल्या बिलात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच उतरेल आणि एरवी मी तीन स्टारच घ्या म्हटले असते. पण २०० च्या काठावर वीस युनिटसुद्धा महाग पडतात, म्हणून आपल्याला पाच स्टार परवडेल. आणि समजा एखाद्या महिन्यात २०० ओलांडलेच, तरी युनिटला सहा रुपयांच्या आगेमागे धरून दीड-पावणेदोन हजारांचे बिल येईल. सलाईनच्या खर्चापुढे ते काही नाही. युनिट वाचवण्यासाठी आईंची खोली तापू देऊ नका.

मळेकरी, अथणी तालुका

सर्वांचा आभारी आहे. गेल्या रविवारी गच्ची घासून चुन्याचे तीन हात दिले आणि काल खोलीवर जाळीही बांधली. रात्री नऊ वाजता छताला हात लावून पाहिला. कोमट आहे, पण हात टेकवून ठेवता येतो. एक टनाचा, पाच स्टारचा एसी ठरवला असून आउटडोअर उत्तरेच्या भिंतीवर घेणार आहोत. मंजूर भाराचा अर्जही दिला.

एक शंका राहिली. एसीतून जे पाणी ठिबकते ते शुद्ध असते, करंट गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येते, असे मेहुणे सांगतात. ते बरोबर आहे काय?

एसी दुरुस्ती, निपाणी

घालू नका. ते पाणी कॉइलवरून उतरताना धूळ आणि धातूचे कण घेऊन येते, त्याने बॅटरी लवकर खराब होते. बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरच आणा आणि एसीचा पाईप सरळ एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा. फक्त पाईपाला उतार नीट ठेवायला सांगा, नाहीतर पाणी खोलीतल्या भिंतीवरून उतरेल.