प्रतिसाद: गोकर्ण आणि डेप्युटी गव्हर्नरपद

वर कुणीतरी म्हटलंय की रिझर्व्ह बँकेत बाहेरच्या अर्थतज्ज्ञाला फारसा वाव नसतो. मला हे पटत नाही. सुबीर गोकर्णांचंच उदाहरण घ्या. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अध्यापन, मग एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था, क्रिसिल आणि स्टँडर्ड अँड पूअर्स या पतमानांकन संस्था आणि नोव्हेंबर २००९ मध्ये थेट डेप्युटी गव्हर्नर! कायद्याने अशी जास्तीत जास्त चार पदं असतात. प्रथेप्रमाणे दोन बँकेच्या आतून, एक व्यापारी बँकेतून आणि एक अर्थतज्ज्ञ. पतधोरण, म्हणजे व्याजदर आणि पैशाच्या पुरवठ्याचं धोरण पाहणारा विभाग बहुधा या चौथ्याकडे.

अडचण वेगळी होती. तेव्हा मतदानाने व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती नव्हती, अंतिम निर्णय एकट्या गव्हर्नरांचा. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजदराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो) तेरा वेळा वाढून ४.७५ वरून ८.५ टक्क्यांवर गेला, तरी महागाई हटेना. डाळी, दूध, अंडी यांची मागणी वाढत्या उत्पन्नामुळे पुरवठ्यापुढे गेली आहे आणि तिथे व्याजदराचा उपाय अपुरा पडतो, हे गोकर्णांनी तेव्हाच स्पष्ट मांडलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम हेच. व्याजदरावर मतदानाचा अधिकार मात्र पतधोरण सांभाळणाऱ्या डेप्युटी गव्हर्नरपदाला समिती आल्यावर, २०१६ मध्ये मिळाला.