मदत हवी आहे: सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड, चेन टेन्शनर की लिफ्टर?

गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टायमिंग चेन (ऑइलच्या दाबाने ती ताणून धरतो तो टेन्शनर), हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे), ९२,००० किमी. रात्रभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला ३-४ सेकंद खडखडते, मग एकदम शांत. दोन तासांनी पुन्हा चालू केली तर काही नाही.

गॅरेजचं निदान: 'पिस्टन गेलाय, इंजिन उतरवू.' पटत नाही. पिस्टन ढिला असता तर आवाज इंजिन तापेपर्यंत, काही मिनिटं तरी टिकला असता. बिग-एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या) जाड ठोका गरम इंजिनवर, लोड आल्यावर ऐकू येतो, तोही नाही.

ऑइल ५डब्ल्यू-३०, डिपस्टिकवर फुल खुणेला. आधीचा फिल्टर स्वस्तातला होता. अशा फिल्टरची आतली रबरी झडप कडक झाली की रात्रीतून ऑइल खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीत) उतरतं आणि सकाळी टेन्शनर, लिफ्टर कोरडे. नवा फिल्टर बसवल्यावर आवाज दीड-दोन सेकंदांवर आला, गेला मात्र नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं (पट्ट्यापासून जपून!), तर आवाज चेन कव्हरच्या बाजूला स्पष्ट, व्हॉल्व्ह कव्हरवर पुसट. म्हणून संशय टेन्शनरवर.

जाणकारांनी सांगावं: कव्हर न उघडता चेन किती ताणली गेली ते स्कॅनरवर दिसणाऱ्या कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या कोनांतल्या फरकावरून खात्रीने कळतं का? फक्त टेन्शनर बदलून भागेल, की चेन आणि गाइडही (चेन ज्यावरून घसरते त्या पट्ट्या) सोबतच घ्यावेत? आणि ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावायचा तर रीडिंग थंड इंजिनवर घ्यायचं, की गरम आयडलवर?